फिरता प्रवाह

नव्याने उभ्या राहणाऱ्या कन्व्हर्टर स्टेशनात त्या दोघांना सगळे दादा आणि धाकटी म्हणत. होतेच ते सख्खे भाऊ-बहीण. वीज फार लांब न्यायची तर आधी तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करणं सोयीचं पडतं, आणि ते काम छताला टांगलेले शेकडो एकसारखे डबे मिळून करतात. प्रत्येक डब्यात वीज साठवणारा एक भलामोठा कपॅसिटर. डबे दादाने घडवले होते. कुठला डबा कधी जोडायचा, कधी वगळायचा, सगळ्यांतला विजेचा दाब सारखा कसा राखायचा, ही कंट्रोलची डोकेफोड धाकटीची. "पोरं माझी, मास्तरीण ही," असं दादा पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते त्याने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. धाकटीला एवढंच म्हणाला, "स्टेशन एकदा चालू झालेलं बघायचंय गं."

नेमकं तेव्हाच कंट्रोल हट्टाला पेटलं होतं. डब्यांच्या रांगांमधून विजेचा एक प्रवाह आतल्या आत फिरत राही आणि मध्येच एकदम वाढे. कारण सापडत नव्हतं. स्टेशनचे साहेब म्हणाले, "घाई नको, थांबू." धाकटी हटून बसली. "कमी भारावर चालवू. मी आहे ना!" आजवर तिचा शब्द खाली पडला नव्हता, साहेब कबूल झाले.

दादाला चाकांच्या खुर्चीतून कंट्रोल रूममध्ये आणलं. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. "फिरता प्रवाह आटोक्यात आला?"

"आला," ती म्हणाली.

स्क्रीनवरच्या डब्यांच्या दाबाच्या रेषा थोडा वेळ एकमेकींना चिकटून चालल्या. दादाचे डोळे भरून आले. मग रेषा फाकल्या. संरक्षण यंत्रणेने सगळं बंद पाडलं, पण तोवर काचेपलीकडे धाडकन एक कपॅसिटर फुटला होता. हॉल धुराने भरला. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

साहेब काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, "बिघडलेला डबा वगळणारा स्विच उशिरा लागला. डिझाइन माझं, चूक माझी." त्याला धाप लागली होती. धाकटीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्यानंतर ती त्याच्याकडे फिरकलीच नाही. कामात आहे, असं वहिनीला फोनवर सांगत राहिली. एका दुपारी वहिनीचाच फोन आला. सगळं आटोपलं होतं.

अंत्यसंस्काराहून परतताना साहेब हळहळले, "एवढा काटेकोर माणूस, शेवटीच चुकावा!" तेव्हा मात्र तिला राहवेना. भर रस्त्यात तिने सगळं सांगून टाकलं: प्रवाह आटोक्यात आलाच नव्हता, ती खोटं बोलली होती, दादाच्या स्विचचा दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला त्या कामावरून काढलं.

मग ती वहिनीकडे गेली. वहिनी ऑक्सिजनचं यंत्र परत द्यायचं म्हणून पुसून ठेवत होती.

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली. "त्या दिवशीच सांगितलं त्यांनी."

"रागावला होता?"

"छे गं. रोज विचारायचे, धाकटी आली का?"

धाकटीने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि ती यंत्र पुसायला लागली.

पुढे दुसऱ्यांनी दोष शोधला, स्टेशन सुरू झालं. वहिनीला उद्घाटनाचं मानाने बोलावणं आलं. "चल माझ्याबरोबर," ती धाकटीला म्हणाली. धाकटीने तिला गाडीत बसवून दिलं, आणि घरी परतली.