पडद्यातल्या बाईशी ओविलाचं भांडण

म्हाताऱ्या ओविला मिशोला पत्ता विचारायची चूक आमच्या गावात फक्त पाहुणे करतात. चौतीस वर्षं त्यानं या खोऱ्यात टपाल वाटलं. "लाल कोठारापासून डावीकडे," असं तो सांगतो, आणि ते कोठार जळून वीस वर्षं झालीत. पाहुणा बिचारा कोठार शोधत सरहद्दीवरच्या नदीपर्यंत जातो, पलीकडे कॅनडा दिसला की गाडी वळवतो. ओविलाला त्यात आपलं काही चुकलं असं वाटत नाही. ज्याला कोठार ठाऊक नाही त्याच्यापुढं आपण तरी काय करणार, असं त्याचं म्हणणं.

अशा माणसाच्या घरात बोलता नकाशा आला, तो त्याच्या बायकोमुळं. क्लारिसची जुनी गाडी रस्त्यावरच्या मिठानं खालून इतकी खाल्ली होती, की मागच्या सीटपाशी खालचा डांबरी रस्ता दिसायचा. तिनं विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. नवऱ्याला विचारलं नाही, कळवलं. ओविला आठवडाभर त्या गाडीभोवती अशा नजरेनं फिरला, जणू अंगणात कुणाची परकी गाय येऊन उभी राहिलीय. मग एके दिवशी चालवायला बसला, आणि त्या दिवसापासून क्लारिसला स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग क्वचितच मिळालं.

गाडी त्याला आवडली. पडद्यातली बाई आवडली नाही. ती आमच्या रस्त्यांची फ्रेंच नावं अशी काही उच्चारायची, की ज्यांच्या आजोबांवरून ती पडली त्यांनाही ओळखू येऊ नयेत. ओविला तिला 'मादाम', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"दोनशे फुटांवर उजवीकडे वळा," मादाम म्हणायची.

"का म्हणून?" ओविला विचारायचा.

"अरे, ती तुझं ऐकत नाही," क्लारिस सांगायची.

"तेच तर. चाळीस वर्षं मी अशाच बाईबरोबर काढली."

शेजारी राहून हे संवाद मी इतक्यांदा ऐकलेत, की ती दोघं नुसती दुकानात निघाली तरी मला ओसरीवरून कळायचं वाद कुठपर्यंत आलाय.

दुसरं भांडण टायरांचं. ओविलाच्या भावाची मुलगी जेराल्डीन गावात टायरांचं दुकान चालवते. हात लोहारासारखे, जीभ त्याहून धारदार. गाडीच्या दुसऱ्या नोव्हेंबरात तिनं आदल्या वर्षीचेच हिवाळ्याचे टायर चढवले आणि काकाला समोर उभं करून सांगितलं, "काका, दाराच्या कडेला कागद चिकटवलाय तो वाचा. हवा बेचाळीस. थंडीत आपोआप कमी होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी मोजायची. बॅटरीमुळं ही गाडी जड आहे, आणि पाय ठेवला की उसळते. मागचे टायर भराभर झिजतात. पाच हजार मैल झाले की आणा, मागचे पुढं आणि पुढचे मागं करून देते."

"टायर कसे सांभाळायचे ते तू मला शिकवणार? तू पाळण्यात होतीस तेव्हा मी चिखलातून टपाल नेत होतो."

"म्हणूनच सांगते. ही ती गाडी नाही."

ओविलाची टायर तपासायची पद्धत साधी होती. बुटानं एक लाथ मारायची, आवाज ऐकायचा आणि "ठीक आहे" म्हणायचं. शिवाय टपालाच्या दिवसांतलं त्याचं एक गुपित होतं. बर्फ पडला की टायरातली थोडी हवा सोडायची, म्हणजे पकड येते. डिसेंबरात त्यानं चारही टायरांची हवा अठ्ठावीसवर आणली आणि कुणाला बोलला नाही. गाडी मात्र बोलली. स्टिअरिंगपुढच्या काचेमागं एक पिवळा दिवा लागला. ओविलानं त्या दिव्यावर प्रवाशांचा सांभाळ करणाऱ्या सेंट क्रिस्टोफरचं छोटं चित्र चिकटवलं. क्लारिसला वाटलं, म्हातारपणी का होईना, नवऱ्याला देव आठवला. तिनं पाद्रीबाबांनाही कौतुकानं सांगितलं.

फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या गाणाऱ्या मंडळींना हूल्टन गावाला बोलावणं आलं. रविवारी दुपारी दोनला कार्यक्रम, आणि क्लारिसचं त्यात एक कडवं एकटीचं होतं. तीन महिने ती ते कडवं भांडी घासताना म्हणत होती. आम्ही बाकीच्या पाद्रीबाबांच्या व्हॅनमधून निघालो. व्हॅनमध्ये क्लारिसला मळमळतं, म्हणून ती ओविलाबरोबर येणार होती.

निघताना तिनं पडद्यावर हूल्टन टाकलं. मादामनं हिशेब करून सांगितलं, वाटेत प्रेस्क आईलला पंचवीस मिनिटं चार्जिंगला थांबावं लागेल.

"शंभर मैलांना थांबायचं?" ओविला म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात नाही थांबलो."

"मागच्या हिवाळ्यात नाही थांबलो, पण आज ती सांगतेय ना. थांबू की. मी गळा गरम करून घेईन."

"थांबायची गरज नाही. तलावामागचा रस्ता घेतला की अकरा मैल वाचतात."

"तो रस्ता नकाशात दिसत नाही."

"नकाशा मागाहून आला. रस्ता आधीचा."

वीस मिनिटांनी त्यानं मुख्य रस्ता सोडला. मादाम म्हणाली, परत फिरा. ओविलानं तिचा आवाज बंद केला. बटाट्याच्या शेवटच्या गोदामापर्यंत पडद्यावर रस्त्याची रेघ होती. तिथं ती संपली, आणि त्यांच्या गाडीचा छोटा बाण कोऱ्या पांढऱ्या जागेत एकटाच सरकू लागला. क्लारिस म्हणते, त्या क्षणी आपल्याला जगातून कुणी पुसून टाकल्यासारखं वाटलं. बाहेर मात्र रस्ता होता, बर्फ बाजूला केलेला, चांगला रुंद. ओविलाच्या मिशीत हसू मावत नव्हतं.

मैलभरानं आल्मा बुशारचं निळं घर आलं. नगरपालिकेचा बर्फ सारणारा नांगर तिथंच वळतो, पुढं हिवाळ्यात बर्फ कुणी काढत नाही. पुढच्या बर्फावर स्नोमोबिलींनी, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकलींनी, वाट घट्ट केली होती. ओविलाला ती पुरेशी वाटली. क्लारिस "ओविला" एवढंच म्हणाली. तीनशे फूट गेल्यावर किंचित चढ आला, त्यानं पाय दाबला, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी अगदी सावकाश, अगदी सभ्यपणे आडवी होऊन बाजूच्या चरात टेकली.

कुणाला काही लागलं नाही. क्लारिसनं आपला हिरवा गाण्याचा स्कार्फ सारखा केला, आणि नवऱ्याकडं न बघता दार उघडून उतरली. ओविलाच्या मते शिव्या परवडल्या असत्या.

तिथं मोबाईल लागत नाही. दोघं चालत निळ्या घराकडं आली. आल्मा चौऱ्याऐंशीची, एकटी राहणारी. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा जुना कोट आणि डोक्यावर लोकरीची टोपी होती.

"टपाल रविवारी कधीपासून यायला लागलं?" तिनं विचारलं.

"मादाम बुशार, फोन करायला आलोय. पण घरात इतकी थंडी का?"

आल्मा आधी सांगेना. मग चहा ठेवता ठेवता बाहेर पडलं. घर तापवायचं तेल तीन दिवसांपूर्वी संपलं होतं. तेल आणणारा जुना माणूस निवृत्त झाला, नवा नकाशा बघून येतो. तो दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा तलावाच्या पलीकडच्या काठावर पोचला. कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, आजी, तुमचा पत्ताच अस्तित्वात नाही. तेव्हापासून आल्मा स्वयंपाकघरातल्या चुलीत उरलेलं सरपण जाळत होती, आणि ते संपत आलं होतं.

"मग आम्हाला का नाही फोन केला, मावशी?" क्लारिसनं विचारलं.

"त्या मुलीला खोटं पाडायचं होतं. तिच्याच माणसानं इथं तेल आणायला हवं. मी अस्तित्वात आहे."

ओविला चुलीपाशी वाकून उरलेलं सरपण मोजू लागला. चौतीस वर्षं त्यानं रोज या दारात पत्रं टाकली होती. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत एकदाही तो इकडं फिरकला नव्हता. आज आला तोही चुकून.

जेराल्डीनला फोन गेला. ती ट्रक घेऊन निघते म्हणाली, पण हातात दुसऱ्या कुणाची अडकलेली गाडी होती, यायला दोन तास लागणार होते. चुलीची धग बैठकीपर्यंतही पोचत नव्हती. तेव्हा क्लारिसला गाडी आठवली. ती तिरकी उभी असली तरी बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, आणि या गाडीत धूर नाही, त्यामुळं दारं बंद करून हीटर लावून बसता येतं. दोघांनी आल्माला मधोमध धरून तीनशे फूट नेलं. ती पुढच्या सीटवर बसली, सीट खालून तापली, तेव्हा तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हे बरं आहे. माझ्या घरापेक्षा गरम, आणि चढायला पायऱ्याही नाहीत."

दोन वाजले. हूल्टनला आम्ही रांगेत उभ्या राहिलो. क्लारिसच्या जागी रिकामी फट होती, आणि तिचं कडवं ऑर्गननं एकट्यानं वाजवलं. इकडं आल्मानं तिचा स्कार्फ बघून विचारलं, "कुठं निघाली होतीस नटूनथटून?" क्लारिसनं सांगितलं. "मग म्हण की," आल्मा म्हणाली. "मी कुठं जातेय?"

क्लारिसनं मागच्या सीटवर बसून, चरात तिरक्या झालेल्या गाडीत, पूर्ण कार्यक्रम म्हटला. आमच्या वाटचंसुद्धा. ओविला आजवर कुठल्याच कार्यक्रमाला आत बसलेला नाही, तो नेहमी बाहेर गाडीत थांबतो. या वेळी त्याला जायला जागा नव्हती. ती सांगते, तिच्या कडव्याला त्यानं टोपी काढली. तो म्हणतो, गरम होत होतं.

जेराल्डीन आली ती ट्रकमध्ये दोन पोती सरपण आणि तेलाचे दोन डबे टाकूनच. आधी आल्माच्या घरात ऊब केली, मग दोर लावून गाडी ओढून काढली. गाडी सपाटीवर आल्यावर तिनं गुडघ्यावर बसून मागच्या टायरवरून हात फिरवला, खिशातून मोजायचं यंत्र काढलं, चारही टायरांना लावलं. मग काचेवरचा सेंट क्रिस्टोफर नखानं हळूच सोलला. खाली पिवळा दिवा जळत होता.

"काका," ती म्हणाली, "हवा सत्तावीस. मागच्या दोन टायरांचा घासून गोटा झालाय. ऐका आता. हवा कमी, म्हणून गाडी जड चालते. जड चालते, म्हणून बॅटरी लवकर संपते. ती पुरायची नाही, म्हणून ती बाई तुम्हाला प्रेस्क आईलला थांबा म्हणाली. थांबायचं नाही, म्हणून तुम्ही इकडं वळलात. आणि टायर गुळगुळीत, म्हणून चरात गेलात. संताला कशाला मध्ये घातलंत?"

"पाद्रीबाबांना मी काय सांगू?" क्लारिसनं विचारलं. दुपारपासूनचं तिचं नवऱ्याशी हे पहिलं वाक्य होतं.

ओविलानं सोललेलं चित्र खिशात ठेवलं. मग म्हणाला, "मी इथून वळलो नसतो, तर मादाम बुशारचं काय झालं असतं?"

"ते खरंय," जेराल्डीन म्हणाली. "पण ते पुण्य तुमचं नाही, गोटा झालेल्या टायरांचं आहे."

सोमवारी सकाळी ओविला स्वतः तेलाच्या ट्रकपुढं गाडी चालवत नव्या ड्रायव्हरला निळ्या घरापर्यंत घेऊन गेला. त्याआधी तो जेराल्डीनच्या दुकानात थांबला होता, मागं दोन नवे टायर आणि चारही टायरांत बेचाळीस हवा घालून घ्यायला. तिनं त्याला हवा मोजायचं एक छोटं यंत्र दिलं. ते तो आता शर्टाच्या खिशात ठेवतो, पेनासारखं, आणि कॉफीच्या दुकानाबाहेर दुसऱ्यांच्या गाड्यांनाही लावतो. लोक वैतागतात. माझी गाडी जुनी, पेट्रोलची, तरी तिच्या टायरांवरून मला दोन प्रवचनं ऐकावी लागली.

पण खरं काम पुढंच होतं. नकाशातली चूक पडद्यावरून कळवता येते, हे क्लारिसला आधीपासून ठाऊक होतं. तिनं त्याला शिकवलं. बोटं जाड, अक्षरं बारीक, म्हणून तो सांगायचा आणि ती टाकायची. मार्च-एप्रिल सगळा रोज सकाळी दोघं गाडी घेऊन निघत. कुठला रस्ता तुटलेला, कुठल्या पुलावरून आता जाता येत नाही, कुणाचं दार मागच्या बाजूला आहे. एका घरापाशी त्याला "इथं कुत्रा चावतो" असं टाकायचं होतं.

"तो कुत्रा मेला, ओविला."

"त्याच्या मुलाचाही भरवसा नाही."

ते तिनं टाकलं नाही. बाकी एक्केचाळीस दुरुस्त्या गेल्या. त्या वाटेवर त्याची जुनी गिऱ्हाइकं भेटत गेली. अर्ध्या घरांत त्यांना बसवून घेतलं, काही घरांत आत कुणी उरलं नव्हतं. अशा दारापाशी तो गाडी उभी करायचा, आणि क्लारिस घाई करायची नाही.

मादामशी त्याचं भांडण मिटलं असं मात्र मी म्हणणार नाही. परवाच ती म्हणाली, "डावीकडे वळा," आणि तो म्हणाला, "हे मीच तुला सांगितलंय."

तलावामागचा रस्ता जूनमध्ये नकाशावर उमटला, आल्माच्या घरासकट. ओविलानं तिला फोन करून अभिमानानं कळवलं. तिनं आभार मानले. ऑगस्टमध्ये तिचाच फोन आला. तलाव शोधत आलेलं बॉस्टनचं एक कुटुंब तिच्या अंगणात गाडी लावून पाण्यात उतरलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी खिडक्या विकणारा येऊन गेला होता, आणि आता दोन तरुण कोणत्यातरी धर्माची पुस्तकं घेऊन ओसरीवर बसले होते.

"त्यांना घालवून द्या," ओविला म्हणाला.

"कसं घालवू? त्यांच्यासाठीच प्लॉयची धिरडी तव्यावर टाकलीत," आल्मा म्हणाली. "तू आणि क्लारिस या. पीठ जास्त झालंय."