मागच्या बाजूला कोणी नाही

लिफ्टमधल्या पत्र्यावर फिटर सोसायटीची नवी पाटी बसवत होता : 'घरकाम करणाऱ्या बायकांनी जिना वापरावा.' त्याने गनने पोकळ रिबिटमधला खिळा ओढला. मागे नळी फुगून पत्रा आवळला गेला आणि खिळा टक्कन तुटला.

"ब्लाइंड रिबिट, ताई. मागे हात पोचत नाही तिथे हेच. विमानांच्या कामातून आलंय म्हणतात."

पूर्वी रिबिट ठोकताना मागून ठोकळा धरायला दुसरा माणूस लागायचा. आता सगळं एकाच बाजूने उरकतं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. गुडघे धरून सहा मजले चढून आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुमनताईंना कोणी विचारलं नाही. मीही तिथे गप्प बसले होते, म्हणून जास्तच तिळपापड झाला.

"काढायचं असेल तर?"

"उघडत नाही. ड्रिलने डोकं उडवावं लागतं."

घरात ड्रिल आहे. वायर लिफ्टपर्यंत पोचते.