चार ओळींचं वेबपेज

कुठून सुरू करू तेच कळंना बघा. चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, कारण ही फजिती नुसती आठवली तरी दमायला होतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. धारूरात माझा कंप्युटर क्लास होता. तीन कंप्युटर, त्यातला एक चालू. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि आली की पोरं गायब! सहा वर्षं 'फाईल उघडा, फाईल बंद करा' म्हणून म्हणून जीव विटला होता. वय अडतीस, आणि वाटायचं साठ.

अशात कळलं, अंबाजोगाईच्या एका कॉलेजात वेबपेज शिकवायला माणूस पाहिजे. दर महिन्याला पगार, डोक्यावर पंखा आणि वर जनरेटर! जनरेटर ऐकला आणि मी अर्जच टाकला. उत्तर आलं, 'स्वतः बनवलेलं एक पान फ्लॉपीवर घेऊन या.'

आता तुमच्यापाशी काय लपवू? वेबपेज मी बघितलं होतं, बनवलं कधी नव्हतं. पण वर्ड प्रोसेसर कशाला हाय? त्यात लिहायचं आणि 'वेबपेज म्हणून सेव्ह करा' म्हणायचं. एक क्लिक! लोक उगीच हातानं कोड लिहीत बसतात, असं माझं ठाम मत.

त्यातही आळस. नवी फाईल कोण सजवणार? उमापूरच्या बाजीरावांसाठी मी मागं एक जाहिरात केली होती, तिची वेलबुट्टीची चौकट मला लई आवडायची. तीच फाईल उघडली. आतलं सगळं पुसलं. माझं नाव, शिक्षण, अनुभव, पत्ता अशा चार ओळी टाकल्या, वर फोटो चिकटवला. पान असं झळकलं की बायकोला हाक मारून दाखवलं.

"फोटोत तुमी लई बारीक दिसताय," मंगल म्हणाली.

याच्यापुढं आणखी कुणाचं प्रमाणपत्र पाहिजे? पान फ्लॉपीवर घेतलं आणि एसटीत बसलो.

मुलाखतीला समोर दोघंच. एक प्राचार्य, गावाकडचे, शेतीवाले. दुसरे कंप्युटरचे मुख्य, जाड चष्म्याचे देशमुख सर. त्यांनी फ्लॉपी घातली. ती खर्रखर्र करत बसली. माझ्या चार ओळी उघडायला एवढा वेळ? मग पान उघडलं.

फोटोच्या जागी लाल फुली. फोटो वेगळ्या फोल्डरात पडतो आणि तो फोल्डर धारूरातच राहिला, हे मला कोण सांगणार? नाव मराठीत लिहिलं होतं, त्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. त्यामुळं माझ्या नावाच्या जागी डॉलर, कंस आणि टक्के. चौकट तुटून अर्धी डावीकडं, अर्धी पानाच्या बाहेर.

आणि स्क्रीनवरच्या खिडकीच्या अगदी वर, इंग्रजी अक्षरांत, जुन्या फाईलचं शीर्षक! ते पुसायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. प्राचार्यांनी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "म्हैस... विकणे... आहे."

मग ते खुर्चीत पुढं सरकले.

"गाभण हाय का?" प्राचार्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"न्हाई सर, म्हंजे... ती माझी न्हाई."

"मग तुमी कावून विकायलात?"

देशमुख सर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी पानामागचा कोड उघडला आणि खाली सरकवत राहिले. सरकवतायत, सरकवतायत, संपतच नाही! मी लिहिल्या चार ओळी, मागं निघाला पोथीएवढा मजकूर. एकच गोष्ट दहादा सांगितलेली, रिकाम्या जागांचीसुद्धा मापं दिलेली.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"सॉफ्टवेअरनं लिहिलं, सर."

"यातली कुठलीही एक ओळ समजावून सांगा."

मी वाकून बघितलं. घाम पुसला. "सर, हे कंप्युटरचं आपसातलं बोलणं हाय. आपण मधी कशाला पडायचं?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही असं करा, सोमवारपासून आमच्या वर्गात या. साडेदहाला. तुम्ही येणं फार गरजेचं आहे."

एवढं होऊनही नोकरी? नवल मलाही वाटलं. पण दमलेला माणूस आपल्या सोयीचंच ऐकतो हो! आमच्या वडलांनी, आप्पांनी, आपल्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा ठेवला. "आमचा वैजनाथ प्रोफेसर झाला!" मंगलनं नवीन शर्टाला इस्त्री केली. मी तर क्लासच्या दारावर 'बंद' अशी पाटीसुद्धा लावली.

सोमवारी साडेदहाच्या आधीच वर्गात शिरलो. पोरं उठून उभी राहिली. कुणी आपल्यासाठी उठून उभं राहिल्याला किती वर्षं झाली होती! खडू घेतला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'वेबपेज' लिहिलं आणि बोलायला लागलो. दहा मिनिटं बोललो. पोरं मुकाट्यानं लिहून घेत होती. पहिल्यांदाच वाटलं, आपण जन्माला आलो ते यासाठीच.

तेवढ्यात दारातून एक तिशीच्या आतबाहेरची बाई आली. हातात डस्टर, काखेत हजेरीबुक. माझ्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं.

"आपण?"

"मी नवीन सर. देशमुख सरांनी बोलावलंय."

तिनं हजेरीबुक उघडलं, बोट फिरवत खाली आणलं आणि थांबली. चेहऱ्यावर हसू नाही, उलट दया. ती तर आणखी वाईट!

"वैजनाथराव ना? सरांनी तुमची फी माफ केलीय. तिसऱ्या बाकावर जागा आहे, बसून घ्या."

मी खडू ठेवला. मी लिहिलेलं तिनं माझ्यासमोरच पुसलं. तिसऱ्या बाकावरचा पोरगा जरा सरकला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमी सांगितलेलं खोडू का राहू देऊ?"

"खोड बाबा," मी म्हणालो.

तिनं हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझं नाव सगळ्यात शेवटी, शाईनं मागाहून घातलेलं.

"हजर, मॅडम."