दापोड्याचा बेस आणि सुरतेचे कान

गोदामात माल साचतो तसे किस्सेही साचतात. मालावर निदान पत्ता असतो, कधीतरी ट्रक लागतो आणि जागा मोकळी होते. किस्से मात्र तिथेच पडून राहतात. आमच्याकडचे तर निघाले की सगळे विमानांचेच निघतात, कारण भिवंडीजवळच्या दापोड्याच्या पत्र्याच्या गोदामात बसून आम्ही चौघं एअरलाइन चालवायचो!

म्हणजे इंटरनेटवरचा गेम हो. दोन हजार सहा-सातचा सुमार. मी डिस्पॅचला, सुनीताताई बिलिंगला. मुश्ताकभाईंचं भिवंडीत सायबर कॅफे होतं आणि आमचे कॉम्प्युटर तेच बघायचे. चौथे बाळारामदादा. ज्या जमिनीवर गोदाम उभं होतं ती त्यांची. माझी नोकरीसुद्धा त्यांच्याच शब्दावर लागलेली. जेवणाच्या सुट्टीत चौघांच्या चार कंपन्या उडायच्या, चारही मिळून आमचा एक गट. दादांच्या कंपनीचं नाव होतं 'गावदेवी एअर'. दादा स्वतः कधी विमानात बसले नव्हते.

गेममधली मेख एकच होती, बेस. विमानतळावर आपला सर्व्हिस बेस असेल तर विमान उतरलं की आपले मेकॅनिक लगेच हात लावणार. नसेल तर दुसऱ्याच्या दारात ताटकळायचं. एका विमानतळावर बेस ठरावीकच मिळायचे आणि तयारीला दोन दिवस लागायचे. तेवढ्यात दुसऱ्या कुणी उडी मारली की आपण बाहेर!

आणि प्रत्येक वेळी उडी मारायचा तो गेममधला सुरतेचा आठ कंपन्यांचा गट, सुरतवाले.

*

पुण्याचा बेस आम्ही सोमवारी ठरवला, बुधवारी तिथे सुरतवाल्यांचा बोर्ड. मी गटाचा प्रमुख. कंटेनर आला की आधी सीलचा नंबर तपासायचा आणि मगच दार उघडायचं, ही माझी रोजची ड्युटी. त्यामुळे संशय घ्यायला मला वेगळं शिकावं लागलं नाही. आपल्यातलंच कोणीतरी फोडतंय, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पहिल्या सुनीताताई. त्यांची नणंद सुरतेला दिलेली! मी आडून आडून विचारायला लागलो, नणंद काय करते, घरी कॉम्प्युटर आहे का, फोन किती वेळा होतो. ताईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी डबा बंद करत म्हणाल्या, "नितीन, माझ्या नणंदेला 'एअर इंडिया' हे साडीचं नाव वाटतं. आणखी काही?"

*

मग नंबर लागला मुश्ताकभाईंचा. फोन आला की हा माणूस उठून बाहेर जायचा आणि तोंडावर हात धरून बोलायचा. एकदा मी पाण्याच्या निमित्ताने मागोमाग गेलो. खांबाआड उभा राहून ऐकलं तर स्पष्ट शब्द, "सूरत तो ठीक है, लेकिन आगे की बात पक्की करो."

रंगेहाथ पकडला! मी तिथेच पुढे होऊन विचारलं, सुरतेला कुणाशी बोलणं चाललंय? मुश्ताकभाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे दयेने बघितलं.

"छोटे भाई के लिए लड़की देखी है. उसकी सूरत की बात कर रहा हूँ, तेरे गुजरात की नहीं."

लग्नाला मी गेलो होतो. मला नवरदेवाच्या बाजूला बसवून मुश्ताकभाईंनी ही गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगितली.

*

त्यानंतर मी सांकेतिक भाषा काढली. विमानतळाचं खरं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याऐवजी आमच्या आसपासच्या गावाचं नाव घ्यायचं. नागपूर म्हणजे मानकोली, जयपूर म्हणजे गणेशपुरी. चौघांशिवाय कुणाला पत्ता नाही. सुनीताताईंनी दुसऱ्याच दिवशी बिलिंगच्या खिडकीतून मला ओरडून सांगितलं की मानकोलीला विमानांचा बेस नक्की झाला, उद्याच्या उद्या जागा घेऊन टाका. बाहेर पाच-सहा ड्रायव्हर पावत्यांसाठी उभे होते.

दोन दिवसांनी मानकोलीचे दोन जमीनमालक सातबारा घेऊन ऑफिसात हजर! माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ह्यांना सुरतवाल्यांनी पाठवलं. मी कसून चौकशी केली. त्यांतला वयस्कर माणूस शेवटपर्यंत मला विमान कंपनीचा मोठा साहेब समजून अदबीने बोलत होता.

"साहेब, दोन इमाना उतरतील यवरी जागा हाय. फकस्त मदी एक हीर हाय."

गंमत बाजूला, पण नागपूरसुद्धा गेलं. चौघांनाच ठाऊक असलेली भाषा वापरूनही गेलं. आता मात्र मला घास गोड लागेना.

*

मी सापळा लावला. सुनीताताईंना एकटं गाठून सांगितलं की ह्या वेळी राजकोट, बाकी दोघांना बोलू नका. मुश्ताकभाईंना रायपूर सांगितलं. बाळारामदादांना इंदूर. तिसऱ्या दिवशी राजकोट रिकामं, रायपूर रिकामं आणि इंदूरला सुरतवाल्यांचा बेस.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मी दादांना विचारलं. विचारलं कसलं, सुनावलंच. सुरतवाल्यांनी काय कबूल केलंय, किती दिवस चाललंय, असं तोंडाला येईल ते बोललो. दादा डब्यावरचा हात काढून माझ्याकडे बघत राहिले.

"मी न्हाय सांगितला कोनाला," ते म्हणाले. "पन तुला वाटतं ना? मंग काढ माना."

मी काढलं. एक बटण दाबलं आणि गावदेवी एअर गटाबाहेर! मला जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटल्याची लाज अजून जात नाही. दुसऱ्या दिवसापासून दादा सुट्टीत यायचे बंद झाले. त्यांची खुर्ची कुणी हलवली नाही आणि कुणी तिच्यावर बसलंही नाही.

*

पुरावा हवाच होता. गेममध्ये प्रत्येक विमानतळाचं आणि प्रत्येक कंपनीचं एक पान असायचं, वर फोटो आणि खाली कुणीही काहीही लिहावं. सुनीताताई ती पानं उघडत बसल्या. पुण्याखाली दादांचं नाव आणि इंग्रजी अक्षरांत 'पुणे बेस'. नागपूरच्या पानावर 'नागपूर बेस', इंदूरच्या पानावर 'इंदूर बेस'. सगळ्या जगाला वाचता येईल असं!

"बघा," मी म्हणालो. "माणूस उघड उघड जाहिरात करत होता."

ताई ते शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या, कधी एका सुरात, कधी दुसऱ्या. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "नितीन, आमच्या गणेशपुरीला भाजी चांगली झाली की काय म्हणतात?"

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"बेस झाली, म्हणतात."

आम्ही गावाचं नाव सांगितलं की दादा घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं पान उघडायचे, फोटो बघायचे आणि आवडला की खाली तसं लिहायचे. स्पेलिंग त्यांनी गेमच्याच बटणावरून उचललं होतं.

मुश्ताकभाई एवढंच म्हणाले, "जा, पाँव पकड़." दादांचं घर गोदामापासून पाच मिनिटांवर. मी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत मुश्ताकभाईंनी मला हाक मारली. सुरतवाल्यांनी नवा बेस टाकला होता. त्यांच्या आठही कंपन्यांनी आपले मेकॅनिक एकाच विमानतळावर ओतले होते. विमानतळाचं नाव, मानुस.

आम्ही नकाशा मोठा करत करत शोधलं. ऑस्ट्रेलियाच्या वर, भर समुद्रात, मोहरीएवढं बेट. आजूबाजूला हजार मैल कुणाचं विमान नाही. मी म्हणालो, ह्यात काहीतरी मोठा डाव आहे, हे लोक उगाच इतक्या लांब जाणार नाहीत. कागद घेऊन मी अंतरंसुद्धा काढायला बसलो.

सुनीताताईंनी माझ्या हातातून माउस घेतला आणि माझ्याच कंपनीचं पान उघडलं. माझा फोटो, त्याखाली बाळारामदादांचं नाव. तारीख मी त्यांना गटातून काढलं त्याच दिवसाची, वेळ संध्याकाळची. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले दोनच शब्द होते.

'मानुस बेस.'