किसनरावांचा हिमालय

सोमवारी सकाळी माझे मित्र किसनराव गेले. तेराव्या दिवशी शोकसभा झाली. एकविसाव्या दिवशी आमच्या रिहे खोऱ्यातील ध्यानकेंद्राच्या फाटकावर त्यांच्या छायाचित्रासह फलक लागला. तिसाव्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ तुकाराम याने रक्तदाबाची गोळी बंद केली. या घटनाक्रमास जबाबदार व्यक्ती तीन: केंद्राचे व्यवस्थापक, मजकूर न वाचता फलकाचे अनावरण करणारे स्थानिक पुढारी, आणि तिसऱ्याचे नाव ओघात येईल.

फलक सांगतो, ‘किसनबाबांनी’ हिमालयात दीक्षा घेतली आणि औषधाविना रक्तदाब जिंकला. ध्यान प्राचीन आहे, वनातल्या ऋषींपासून विहारांतल्या भिक्षूंपर्यंत त्याची परंपरा पोहोचते, याविषयी माझा वाद नाही. किसनरावांच्या ध्यानाचा उगम मात्र तहसील कचेरीच्या व्हरांड्यातील एका बाकावर झाला आणि त्याचा प्रत्यक्ष साक्षीदार मी आहे. त्यांच्या घरावरून भातखाचराकडे जाणारी वहिवाट एका फार्महाऊसवाल्याने तारेचे कुंपण घालून अडवली, तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम मी पत्करले. सुनावणी पुढे ढकलली की मी तिथेच संतापाने पुढचा अर्ज खरडू लागे, आणि किसनराव पाठ ताठ करून डोळे मिटत. झोपले असे समजून मी एकदा त्यांना हलवले. “झोपलो न्हाई, वकीलसाहेब,” ते म्हणाले. मी वकील नाही; ‘वकीलसाहेब’ हा त्यांचा टोमणा होता. “श्वास मोजतुया. तुमी कागदावर पेन आपटता, मग पुन्यांदा एकपासनं.”

पुढे ते केंद्रात जाऊन बसण्याची रीत शिकले. लाभ झाला, हे नाकारणे अन्याय ठरेल. झोप लागू लागली, ओठावर आलेली शिवी परत फिरू लागली... रक्तदाबही काहीसा उतरला. डॉक्टरांनी बजावले, बसत राहा, पण गोळी सोडू नका. तेव्हापासून ओट्यावरचा क्रम ठरला: आधी गोळी, मग घोंगडीवर बैठक. वहिवाट अखेर खुली झाली, त्या दिवशी त्यांनी विचारले, “कशानं झालं वो, तुमच्या अर्जानं का माझ्या बसन्यानं?”

आता तिसरी व्यक्ती. शोकसभेत मी बोललो की, हा माणूस हिमालयात तप करावे तसा व्हरांड्यात बसे, आणि जे गोळ्यांनी साधले नाही ते ध्यानाने साधले. मला त्यांचा शमलेला राग अभिप्रेत होता. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होते. फलक लागल्यावर मी त्यांना तीन पत्रे पाठवली. ‘आपल्या भावनांचा आदर आहे’ एवढी एक ओळ परत आली.

तुकारामला मी ओट्यावर गाठले. “गोळी का सोडलीस?”

“दादानं सोडली व्हती की.”

“कोण म्हणतं?”

“बोर्डावर हाय. आन बोर्डवाल्याला कुनी सांगितलं? तुमीच, भरल्या सभेत.”

किसनरावांच्या पत्नी वत्सलावहिनी आत गेल्या आणि स्टीलची डबी घेऊन आल्या. तीत किसनरावांची अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी होती. त्यांनी डबी माझ्यासमोर ठेवली. “ह्यो घ्या तुमचा हिमालय.”

तुकारामने डबीकडे पाहिले, हात पुढे केला नाही. “बोर्ड निगू द्या, मग बघू,” तो म्हणाला. घरातल्या वस्तूपेक्षा फाटकावरची अक्षरे त्याला खरी वाटतात, आणि ती अक्षरे मूळची माझी आहेत.

माझी चूक मी येथे सहीनिशी मान्य करतो. व्यवस्थापकांनीही फलक कोणत्या पुराव्यावर लावला, तो कधी उतरवणार, आणि तोवर तुकारामला काही झाले तर जबाबदारी कोणाची, हे वृत्तपत्राच्या याच पुरवणीत सहीनिशी सांगावे. आदर नको, उत्तर हवे. पुरावा पाहायचा असेल तर ओट्यावरची घोंगडी वहिनींनी अजून उचललेली नाही, डबी तिच्यावर उघडी ठेवली आहे. केंद्राच्या फाटकापासून पायी पाच मिनिटांवर. त्याच वहिवाटीने यावे, ती आता खुली आहे.