आर्डिथ कॉलीचं माहेर-सासर

आर्डिथ कॉलीने अमेरिकेच्या उत्तरेला, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या ईस्ट प्रेस्टन गावात शाळेची बस चालवत निम्मं आयुष्य काढलं. आवाज खणखणीत आणि तोंड फटकळ. जवळच्या हॅलिफॅक्स शहरात कोणी नवखा भेटला की हमखास विचारायचा, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"प्रेस्टनची."

"तसं नव्हे, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आईच्या पोटात होते."

तिच्या आजीला कोणी 'ब्लॅक' म्हटलेलं मुळीच खपत नसे. ती स्वतःला 'कलर्ड' म्हणवायची. आईच्या काळात 'निग्रो' हा सभ्य शब्द होता. आर्डिथ तरुणपणी ठणकावून 'ब्लॅक' झाली, आणि तिची लेक टेमर विद्यापीठातून 'आफ्रिकन नोव्हा स्कोशियन' होऊन परतली.

"एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत माझी बस पुढच्या थांब्यावर पोचेल," आर्डिथ म्हणाली.

टेमरने लग्न ठरवलं ते नायजेरियाच्या उगोना अन्याडिके नावाच्या इंजिनिअरशी. त्याची आई आणि लॉरेन्सकाका रीतसर मागणी घालायला तिथल्या ओवेरी शहरातून आले. आर्डिथने खारवलेल्या माशाच्या टिक्क्या तळल्या होत्या. पहिला घास घेताच उगोनाच्या आईने विचारलं, "विहीणबाई, या चवीवरून तुम्ही जमैकाच्या ना?"

"नाही."

"मग अमेरिकन?"

"छे. अमेरिकेतल्या मालकांच्या तावडीतून सुटून तर आमची माणसं इथे आली. दोनशे वर्षं झाली त्याला."

"म्हणजे आफ्रिकनच की."

"लेक तसं म्हणते. मी आपली ब्लॅक."

लॉरेन्सकाका हसले. "ब्लॅक तर मीही झालोय, परवा विमानतळावर उतरल्यापासून. घरी मी इग्बो जमातीचा. नदीपलीकडच्यांना विचाराल तर 'तो अलीकडचा भामटा'. रंगाचं कोणी काढतच नाही, सगळ्यांचा तोच."

मग ते सावरून बसले. "आता कामाचं. आमच्यात मुलीचं गाव आणि घराणं विचारल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत."

उगोना कानकोंडा झाला. "काका, इथे असं विचारत नाहीत. यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून..."

आर्डिथच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं, पण ते तिने गिळलं. आजवर हा प्रश्न विचारणाऱ्यांना ती इथली नाही एवढंच ऐकायचं असायचं. या म्हाताऱ्याला मात्र सोयरीक जुळवायची होती.

"चला, गाडीत बसा," ती म्हणाली.

तिने त्यांना चर्चमागच्या दफनभूमीत नेलं. खडकाळ रानात बटाटे पिकवण्याचा हट्ट धरणारे पणजोबा, मेपलच्या लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या विणून बाजारात विकणारी आजी, आणि आजीशी कुंपणावरून जन्मभर अबोला धरून शेवटी तिच्याच शेजारी पुरलेली जाऊ. काका प्रत्येक दगडापाशी थांबून नातं विचारत होते, आणि आर्डिथ न अडखळता सांगत होती. सर्वांत जुन्या दगडापाशी मात्र ती थांबली.

"याच्या मागचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. यात थट्टा नव्हती, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

उगोनाच्या आईने तिचा हात धरला. "मागचं आमच्यातलं असेल, नसेलही. पुढचं तर आमच्यातलं आहे ना?"

"गाव आहे, थडगी आहेत, भांडखोर भाऊबंदही आहेत," काका म्हणाले. "आणखी काय हवं?"

घरी येऊन त्यांनी सोबत आणलेली, त्यांच्याकडे शुभकार्यात वाटून खातात ती कोलाची बी फोडली आणि प्रार्थनेत 'प्रेस्टन गावच्या कॉली घराण्याची कन्या' असं स्पष्ट म्हटलं. टेमरने डोळे पुसले. आर्डिथने आपला तुकडा चावला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"हे औषध आहे की काय?"

"सवय होईल," उगोनाची आई म्हणाली, आणि उरलेल्या टिक्क्यांवर पिशवीतली लाल मिरचीपूड भुरभुरायला लागली.