चीफसाठी लावलेला प्रसाद

परवा पेडण्याच्या बाजारात आमच्या देवळाच्या गुरवांनी मला थांबवलं. "तुज्या मांवाच्या त्या दोस्ताचां कसां आसा आतां? इंजिनाक आग लागली, तो..."

माझे सासरे बार्जवर इंजिन सांभाळायचे. डिचोलीच्या खाणींचं खनिज घेऊन मांडवीतून जाणारी बार्ज. पण त्यांचे सोबती मला नावानिशी माहीत आहेत, आणि त्यातलं कुणी आगीत सापडलेलं नाही. मी नाव विचारलं. गुरव म्हणाले, नाव काय ते आठवत नाही, सासरे त्याला 'चीफ' म्हणत होते.

तांबड्या भाजीची जुडी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

चीफ कोण ते आधी सांगते. मी कित्येक वर्षं एक सायन्स फिक्शन सिरीज बघते. अंतराळयान, दर सीझनला नवा ग्रह, मरता मरता वाचणारी माणसं. चीफ हा त्या यानावरचा म्हातारा इंजिनिअर. मागच्या सीझनच्या शेवटी इंजिन रूमला आग लागली. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, आतून दार लावून घेतलं... आणि सीझन संपला.

तेव्हापासून आमच्या फॅन ग्रुपवर एकच वाद. चीफ गेला की आहे? मी 'आहे' पार्टीची. नव्या सीझनच्या टीझरमध्ये क्षणभर एक हात दिसतो, हातमोजा घातलेला. त्या एका हातावर मी जेवढं लिहिलंय, तेवढं कॉलेजच्या पेपरातही लिहिलं नसेन. समोरची पार्टी म्हणते, नटाचं वय झालं, कॉन्ट्रॅक्ट संपलं, हात दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. असं आमचं चालू असतं. नवऱ्याच्या मते हे सगळं रिकामपणाचं काम आहे, आणि ते अगदीच खोटं नाही.

यात बाबा, म्हणजे सासरे, कसे आले... तर खाणी बंद पडल्या, बार्ज धक्क्याला लागली, आणि हा माणूस बोलायचाच थांबला. विचारलं तर उत्तर, नाहीतर तेही नाही. नवरा म्हापशाहून परत येईपर्यंत घरात आम्ही दोघंच. एकदा मी सहज या सिरीजचं हिंदी डबिंग लावलं. इंजिन रूमचा सीन आला आणि बाबा हातातला पेपर ठेवून बघायला लागले.

मग रोज संध्याकाळी आम्ही जुने सीझन पहिल्यापासून बघायला घेतले. बाबा हळूहळू बोलायला लागले. माझी प्रत्येक थिअरी त्यांना वाचून दाखवावी लागायची. यान वाचणार का, पृथ्वीचं काय होणार, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सगळं ऐकून झालं की चीफबद्दल तेवढं विचारायचे... "वाचतलो मगो तो?"

आणि मध्येच एक दिवस सगळं बंद झालं. मी टीव्ही लावला की बाबा उठून बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसायचे. डास चावत असले तरी तिथेच. हाक मारली तर म्हणायचे, तू बघ. जेवतानाही पुन्हा खाली मान.

मी घाबरले. नवऱ्याने प्रेशर तपासून आणलं, ते नॉर्मल निघालं. माझंच बोलण्यात काही चुकलं का, तेही आठवून बघितलं. पण खरी भीती वेगळी होती. हा माणूस परत त्या गप्पपणात गेला, तर या वेळी त्याला बाहेर कशाने काढायचं?

तर त्याचं उत्तर बाजारात मिळालं. बाबांनी चीफसाठी देवाला प्रसाद लावला होता.

आमच्याकडे लग्न, घर, आजारपण, सगळं देवाला विचारून करतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवांनी बिचाऱ्यांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं... या तुझ्या लेकराचा दोस्त आगीत अडकलाय, तो सुखरूप परत येणार असेल तर उजवा दे. पाकळी डावी पडली. "खूब वायट दिसलां तेंका," गुरव म्हणाले. "सुनेक सांगू नकात म्हणाले. पण माका ऱ्हावंक ना."

मी काय सांगणार... अजून काही कळलं नाही म्हटलं. तसं ते खरंच होतं.

घरी आल्यावर बाल्कांवात बसलेल्या बाबांना सरळच विचारलं.  ते म्हणाले, "तू इतकां लिवतां तेच्यार. लोक तुका विचारतत. तुका वायट दिसतलां म्हणान सांगूंक ना."

ठीक आहे, पण मग टीव्ही का सोडला?

"माज्या तोंडार दिसलां आसतां तुका."

 ग्रुपवर स्पॉयलरचे आमचे केवढे नियम आहेत. कुणी शेवट फोडला तर त्याला काढून टाकतो. पण आपल्याला कळलेलं वाईट दुसऱ्याला आपल्या चेहऱ्यावरूनसुद्धा कळू नये, म्हणून आपली आवडती वेळ सोडून देणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं. ते माझ्याच घरात होतं, आणि आम्ही त्याचं प्रेशर तपासत होतो.

प्रसादाचं म्हणाल तर... आमची विहीर प्रसाद विचारूनच खणली आहे, आणि तिला पाणी भरपूर आहे. त्यामुळे माझी थिअरी सध्या थोडी डळमळीत आहे. ग्रुपवर मात्र हे सांगितलेलं नाही.

बाबांना म्हटलं, डावा तर डावा. शेवटी त्याचं काय होतं ते बघायचं तर आहेच. तुम्हाला नको असेल तर मी एकटी बघीन.

 "तां एकट्यान बघूचां न्हय," बाबा म्हणाले, आणि माझ्या आधी उठून आत गेले.